पेंटबॉल टरेटचा रोबोट कसा बनवावा: चाप सगळ्यात शेवटी जोडा

पेंटबॉल टरेटचा रोबोट म्हणजे एकावर एक बसवलेली तीन वेगळी यंत्रं. खाली चालणारी गाडी, तिच्यावर डावी-उजवीकडे आणि वर-खाली फिरणारं टरेट, आणि टरेटवर गोळी मारणारा मार्कर. नवखे लोक तिन्ही एकदम हातात घेतात आणि मग नेम का चुकतोय हेच कळत नाही. गाडी गचके खाते म्हणून, टरेट ढिलं आहे म्हणून, की हवा कमी पडतेय म्हणून? या लेखातला क्रम त्यासाठीच आहे. आधी गाडी, मग टरेट, मग रिमोट आणि सुरक्षा, आणि चापाची वायर सगळ्यात शेवटी. हवेचा सिलिंडर तर त्याच्याही नंतर. हा क्रम मोडायचा मोह प्रत्येकाला होतो, कारण मार्कर हातात असला की तो उडवून बघावासा वाटतो. कृपा करून मोडू नका.

आपण काय उडवणार आहोत, ते आधी नीट समजून घ्या. नेहमीची गोळी ०.६८ कॅलिबरची, म्हणजे साधारण १७ मिमी व्यासाची आणि ३ ग्रॅमच्या आसपास वजनाची. कवच जिलेटिनचं, आत पाण्याने धुऊन जाणारा रंग. बहुतेक मैदानांवर वेगाची कमाल मर्यादा सेकंदाला ३०० फूट किंवा त्याहून कमी असते. ३०० फूट म्हणजे ९१ मीटर, आणि त्या वेगाच्या गोळीत साधारण १२ ज्यूल ऊर्जा असते. अंगावर बसली तर वळ उठतो, उघड्या डोळ्यावर बसली तर डोळा जाऊ शकतो. पुढे जिथे जिथे मी हट्टाने एखादी गोष्ट करायला सांगतो आहे, तिथे कारण हेच आहे.

१. आधी परवानगी आणि कागद

पेंटबॉल मार्करबद्दलचे कायदे देशागणिक वेगळे आहेत. कुठे वयाची अट, कुठे ऊर्जेची मर्यादा, कुठे परवाना. रिमोटने मार्कर उडवण्यावर कुठे वेगळं बंधनही असू शकतं. सामानाची यादी करायच्या आधी तुमच्याकडचा नियम वाचा. पुढचे कागद एका फाइलमध्ये ठेवा आणि फाइल रोबोटबरोबर न्या:

- मार्करची खरेदी पावती आणि लागत असेल तर परवाना
- सिलिंडरच्या दाबचाचणीची तारीख दिसेल असा फोटो
- मैदानाच्या मालकाची किंवा चालकाची लेखी संमती. त्यात "रिमोटने चालणारं यंत्र" हे शब्द स्पष्ट असावेत
- वायरिंगचा आराखडा. तुम्ही जवळ नसताना दुसऱ्या कोणाला यंत्र बंद करावं लागलं तर तो कामी येतो
- क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, मोजलेल्या वेगांची नोंदवही

सार्वजनिक रस्त्यावर, सोसायटीच्या आवारात, बागेत हा रोबोट चालवायचा नाही. मार्कर काढून ठेवला असला तरी नाही. लांबून बघणाऱ्याला त्यात फक्त बंदूक दिसते, आणि पुढे जे होतं ते कोणाच्याच हिताचं नसतं. गाडीला भडक पिवळा किंवा केशरी रंग द्या. लष्करी हिरवा रंग फोटोत छान दिसतो, पण मैदानावर हे यंत्र सगळ्यांना दुरून दिसायला हवं.

२. सामान आणि हत्यारं

हत्यारं फार लागत नाहीत: ड्रिल मशीन, हॅकसॉ, पान्यांचा आणि ॲलन कीचा सेट, सोल्डरिंग गन, क्रिम्पिंग पक्कड, मल्टिमीटर, व्हर्निअर. थ्रीडी प्रिंटर असेल तर कॅमेऱ्याचा आणि स्विचचा ब्रॅकेट पटकन होतो, पण टरेटचा भार प्रिंट केलेल्या तुकड्यावर टाकू नका. भेगा थरांच्या सांध्यात आतल्या आत जातात आणि उशिरा दिसतात.

मोठं सामान पुढे त्या त्या पायरीवर येईल. दोन वस्तू मात्र पहिल्या खरेदीतच घ्या. एक म्हणजे पेंटबॉलसाठी प्रमाणित मास्क, तुमच्यासाठी आणि शेजारी उभ्या राहणाऱ्या प्रत्येकासाठी. कारखान्यातला वेल्डिंगचा किंवा ग्राइंडिंगचा गॉगल इथे चालत नाही. दुसरी म्हणजे बॅरलवर चढवायची कापडी टोपी, बॅरल सॉक. ती चुकून सुटलेली गोळी अडवते. मास्क आणि टोपी नसतील तर मार्कर वर्कशॉपमध्ये आणायचाच नाही, एवढा साधा नियम करा.

३. मार्कर निवडा आणि कपाटात ठेवा

मार्कर आधी निवडावा लागतो, कारण टरेटची मापं त्याच्यावरून ठरतात. पण मापं घेतली की तो कपाटात जातो.

दोन जाती लक्षात ठेवा. यांत्रिक ब्लोबॅक मार्करमध्ये आतला हॅमर हवेच्या दाबाने मागे जातो आणि चापाच्या खाचेत अडकतो. टिपमन ९८ हा या जातीतला प्रसिद्ध मार्कर. दणकट, दुरुस्तीला सोपा, धूळमातीची पर्वा न करणारा. इलेक्ट्रॉनिक मार्करमध्ये चाप एक छोटा स्विच दाबतो आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह, हवा सोडतो.

रोबोटसाठी मी इलेक्ट्रॉनिकच सुचवीन, आणि त्याचं कारण सोय एवढंच नाही. ब्लोबॅक मार्करची हवा संपत आली की हॅमर पूर्ण मागे जात नाही, खाचेत अडकत नाही, आणि मार्कर आपोआप एकामागून एक गोळ्या सोडत सुटतो. चाप सोडला तरी थांबत नाही. हातात असेल तर तुम्ही बॅरल जमिनीकडे वळवता. पण तीस मीटर लांबच्या रोबोटवर हे झालं तर तुमची सगळी विजेची बटणं निरुपयोगी ठरतात, कारण त्या क्षणी चापाशी विजेचा संबंधच उरलेला नसतो. इलेक्ट्रॉनिक मार्करमध्ये प्रत्येक गोळीला सोलेनॉइडला वीज मिळावी लागते, त्यामुळे वीज तोडली की गोळी थांबते. शिवाय ब्लोबॅक मार्कर पहिल्या गोळीआधी हाताने कॉक करावा लागतो, म्हणजे दांडा ओढून हॅमर मागे अडकवावा लागतो, आणि टरेटच्या सांगाड्यात तो दांडा हाताला लागत नाही.

घेण्याआधी चापाच्या मागे काय आहे ते बघा. साधा मायक्रोस्विच असेल तर त्याच्या दोन टोकांना समांतर वायर काढणं सोपं. काही मार्करमध्ये तिथे प्रकाशाचा किंवा चुंबकाचा सेन्सर असतो. तिथे नुसत्या दोन वायर जोडून भागत नाही.

हॉपर, म्हणजे मार्करला गोळ्या पुरवणारा डबा, तोही आत्ताच ठरवा. नुसत्या गुरुत्वाकर्षणावर चालणारा हॉपर टरेट कललं की अडतो, आणि गाडीच्या हादऱ्याने गोळ्या तोंडाशी गच्च बसतात. मोटरने गोळी ढकलणारा हॉपर घ्या. या एका वस्तूवर थोडा जास्त खर्च झाला तरी होऊ द्या.

४. गाडी: जड, बुटकी, रुंद

दोन्ही बाजूच्या चाकांचा वेग वेगळा ठेवून वळणारी, रणगाड्यासारखी वळणारी गाडी पहिल्या रोबोटसाठी सगळ्यात सोपी. स्टिअरिंगचे सांधे नाहीत, जागेवर वळते. एकच पथ्य: पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर डाव्या-उजव्या चाकांतल्या अंतरापेक्षा कमी ठेवा. ५० सेमी रुंद आणि ४० सेमी लांब हे प्रमाण चांगलं. उलट केलंत तर वळताना मोटरी कण्हतात. पुढे छोटं कॅस्टर चाक लावायचा मोह टाळा, गवतात ते रुततं.

सांगाडा २५ मिमी चौकोनी नळीचा किंवा ॲल्युमिनियमच्या टी-स्लॉट पट्ट्यांचा करा. टी-स्लॉट महाग पडतो, पण पहिल्या यंत्रात प्रत्येक वस्तूची जागा बदलत जाते, आणि तिथे तो पैसे वसूल करतो.

मोटर अंदाजाने घेऊ नका, हिशेब करा. समजा सगळं मिळून वजन २५ किलो आणि मैदानावर २० अंशांचा चढ. खाली ओढणारा जोर २५ × ९.८ × साइन २०, म्हणजे ८४ न्यूटन. गवत-मातीचा विरोध साधारण २५ न्यूटन धरा. एकूण १०९. चाकाची त्रिज्या १० सेमी असेल तर लागणारा टॉर्क जवळपास ११ न्यूटन-मीटर, दोन मोटरींत वाटला तर प्रत्येकी साडेपाच. जागेवर वळताना चाकं आडवी घासतात, म्हणून त्याच्या दुप्पट, म्हणजे प्रत्येकी ११ न्यूटन-मीटरची मोटर शोधा. वेग माणसाच्या चालण्याहून थोडा जास्त, सेकंदाला दीड मीटर, पुरे. त्यासाठी या चाकाला १५० आरपीएमच्या आसपास फिरावं लागतं. जुन्या व्हीलचेअरच्या २४ व्होल्टच्या गिअर मोटरी या कामाला उत्तम. गाडीच्या वायपरच्या मोटरी स्वस्त मिळतात, पण त्यांचा वेग कमी आणि शाफ्टला चाक बसवणं कटकटीचं.

बॅटरी तळाला, चाकांच्या मधोमध. गाडी तयार झाली की टरेटच्या जागी तेवढ्याच वजनाची विटांची किंवा वाळूची पिशवी बांधा आणि ती मैदानावर भरपूर फिरवा. उतारावर आडवी चालवा. कलंडते का बघा. इथे सैल झालेले नट आत्ता सापडलेले बरे. ज्या नटांवर हादरा येतो तिथे नायलॉनचे लॉकनट किंवा थ्रेडलॉक वापरा.

५. वीज

मोटर ड्रायव्हर, म्हणजे मोटरला वीज सोडणारा बोर्ड, निवडताना नेहमी चालतानाचा करंट बघू नका, अडकलेल्या मोटरचा करंट बघा. चाक दगडाला अडकलं की मोटर तोच करंट ओढते. मल्टिमीटरने मोटरचा रोध मोजला तर अंदाज येतो: १२ व्होल्टला ०.५ ओहम म्हणजे २४ अँपिअर. इतका कमी रोध मोजताना मीटरच्या पिनांचा स्वतःचा रोध वजा करा. एल२९८एन हा निळ्या-लाल बोर्डावरचा लोकप्रिय ड्रायव्हर चॅनेलला २ अँपिअरचाच आहे आणि स्वतःतच दोनेक व्होल्ट खातो. तो टेबलावरच्या खेळण्यासाठी. इथे नको. बीटीएस७९६० च्या बोर्डावर ४३ अँपिअर लिहिलेलं असतं, पण त्याच्या छोट्या हीटसिंकवर तो तेवढा करंट फार वेळ पेलत नाही. निम्म्याच्या आत ठेवा.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या. चार सेलची १२.८ व्होल्टची, आणि २४ व्होल्टच्या मोटरी असतील तर आठ सेलची. लायपो (लिथियम पॉलिमर) हलकी असते, पण गाडीला हलकेपणाची गरज नाही, आणि लायपो फुगली किंवा टोचली गेली की पेट घेऊ शकते. सरासरी १५ अँपिअर खर्च धरला तर २० अँपिअर-अवरची बॅटरी जवळपास तासभर पुरते.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत. त्यानंतर लाल मशरूम बटण, जे दाबलं की मोटरींची आणि चापाची वीज तुटते. ते गाडीच्या मागच्या बाजूला बसवा, म्हणजे बंद करणारा माणूस बॅरलसमोर येणार नाही. हे वाचायला किरकोळ वाटतं, पण अनेक यंत्रांत ते बटण पुढे दिसतं आणि मला ते बघवत नाही.

मोटरींच्या ठिणग्यांमुळे रिसीव्हर, म्हणजे रिमोटचा सिग्नल घेणारा भाग, गोंधळतो. प्रत्येक मोटरच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा, मोटरच्या वायरींना एकमेकींभोवती पीळ द्या, आणि रिसीव्हर, मायक्रोकंट्रोलर (प्रोग्राम चालवणारी छोटी चिप) व टरेट यांना स्वतंत्र छोटी बॅटरी द्या. दोन्ही बॅटऱ्यांची ऋण टोकं एकाच ठिकाणी जोडलेली हवीत, नाहीतर सिग्नल भरकटतात. गाडी जोरात निघाली की मायक्रोकंट्रोलर रीसेट होतो, ही नवख्यांची सगळ्यात नेहमीची तक्रार. स्वतंत्र बॅटरी दिली की ती बहुतेक वेळा संपते.

६. टरेट: घट्टपणा हवा

लोकांना वाटतं टरेटला धक्का सोसावा लागतो, म्हणून जाडजूड लोखंड लावतात. हिशेब करून बघा: ३ ग्रॅम गुणिले ९१ म्हणजे गोळीमागे ०.२७ न्यूटन-सेकंद. सेकंदाला पाच गोळ्या मारल्या तरी सरासरी जोर दीड न्यूटनही होत नाही. धक्का हा प्रश्नच नाही. प्रश्न सांध्यांतल्या ढिलेपणाचा आहे. १५ मीटरवर १ अंश म्हणजे २६ सेमी. पुली-बेल्टमध्ये, सर्वोच्या (सांगितलेल्या कोनावर थांबणाऱ्या मोटरच्या) गिअरमध्ये आणि बेअरिंगमध्ये मिळून अर्ध्या अंशाचा खेळ राहिला तरी गोळी १३ सेमी इकडे-तिकडे जाते.

आडव्या फिरण्यासाठी २० ते ३० सेमी व्यासाचं चपटं टर्नटेबल बेअरिंग घ्या. बेअरिंग जितकं रुंद तितकी डगमग कमी. मोटरवर २० दातांची आणि टरेटवर १२० दातांची पुली, मध्ये दात असलेला बेल्ट. बेल्ट ताणायला मोटरच्या ब्रॅकेटमध्ये लांबट भोकं ठेवा.

उभ्या हालचालीसाठी चांगल्या प्रतीचा, धातूच्या गिअरचा २५ किलो-सेमीचा सर्वो पुरतो, पण एका अटीवर: मार्करचा गुरुत्वमध्य बरोबर आसावर हवा. मार्कर, हॉपर मिळून ३ किलो धरले आणि गुरुत्वमध्य ५ सेमी पुढे असला तर नुसतं धरून ठेवायलाच १५ किलो-सेमी जातात, आणि सर्वो तापत राहतो. समतोल साधताना हॉपर अर्धा भरा. २०० गोळ्या म्हणजे ६०० ग्रॅम, आणि त्या खेळताना संपत जातात. पूर्ण भरलेल्या हॉपरवर समतोल साधला तर शेवटी बॅरल खाली झुकतं. सर्वोच्या शाफ्टवर मार्करचा भार टाकू नका. दोन्ही बाजूंनी बेअरिंग, आणि सर्वो फक्त दांडीने ढकलणारा.

हवेचा सिलिंडर टरेटच्या फिरत्या भागावरच ठेवा. त्यामुळे दाबाची नळी फिरत्या सांध्यातून न्यावी लागत नाही. मग सांध्यातून जायच्या उरतात फक्त सिग्नलच्या बारीक वायरी. पूर्ण गोल फिरायचं असेल तर स्लिप रिंग (वायरींना पीळ न पडू देणारा फिरता जोड), पण पहिल्या रोबोटला त्याची गरज नाही. दोन्ही बाजूंना मिळून २७० अंश फिरलं की झालं, कारण गाडी स्वतः वळतेच.

आणि मर्यादा लोखंडाच्या करा. आडव्या फिरण्याला दोन टोकांना ठोकळे, त्यांच्या थोडं आधी लिमिट स्विच. उभ्या हालचालीला वर १५ अंशांचा ठोकळा. त्याहून वर उचलता आलं तर गोळी मैदानाच्या जाळीवरून बाहेर जाऊ शकते. प्रोग्राममधली मर्यादा एका ओळीत पुसली जाते. ठोकळा पुसला जात नाही.

७. रिमोट आणि चापाची साखळी

या पायरीला घाई करू नका. बाकी सगळं नंतर सुधारता येतं.

२.४ गिगाहर्ट्झचा, किमान सहा चॅनेलचा रेडिओ रिमोट घ्या: गाडीला दोन, टरेटला दोन, आर्म स्विचला, म्हणजे मार्कर सज्ज करणाऱ्या स्विचला, एक, चापाला एक. वायफायवर मोबाइलने चालवायचं सुचवणारे बरेच भेटतील. गाडीपुरतं ठीक, चापासाठी नको. फोन आला, स्क्रीन बंद झाली, नेटवर्क अडखळलं, तर बोट उचलल्याचा निरोप पोहोचतोच असं नाही.

रिसीव्हरचा फेलसेफ म्हणजे सिग्नल तुटल्यावर तो काय करतो. बरेच रिसीव्हर शेवटचा आदेश धरून ठेवतात. म्हणजे गाडी धावत असताना सिग्नल गेला तर ती धावतच राहते, आणि चाप दाबलेला असला तर तो दाबलेलाच. सेटिंगमध्ये जाऊन गाडी शून्यावर म्हणजे १५०० मायक्रोसेकंदावर, आर्म बंद, चाप बंद असं ठरवा. मग चाकं हवेत ठेवून गाडी पळवा, आर्म करा, चाप दाबा, आणि त्या अवस्थेत रिमोटची बॅटरी काढा. सगळं थांबलं पाहिजे. रिसीव्हर बदलला, रिमोट पुन्हा जोडला, की ही चाचणी पुन्हा.

चापाच्या मायक्रोस्विचला समांतर काढलेल्या दोन वायरींमध्ये दोन रिले एकामागे एक जोडा. पहिला रिले आर्म चॅनेलवर, रिसीव्हरला थेट जोडलेल्या आरसी स्विचवर (रिमोटच्या सिग्नलने चालू-बंद होणाऱ्या स्विचवर) चालतो. मायक्रोकंट्रोलरचा त्याच्याशी संबंध नाही. दुसरा रिले मायक्रोकंट्रोलर चालवतो. प्रोग्राम अडकला तरी पहिला रिले तुमच्या हातात राहतो, आणि एक रिले चिकटला तरी दुसरा वायर तोडतो. याच वायरींत टरेटवर एक किल्लीचा स्विच घाला. किल्ली तुमच्या गळ्यात. किल्ली काढलेली असेल तर रिमोटवर कोणी काहीही दाबलं तरी गोळी सुटत नाही. मशरूम बटणाचा दुसरा संपर्कही इथेच ओवा.

मायक्रोकंट्रोलरच्या प्रोग्राममध्ये चाप सोडण्याआधी एवढं तपासा: गेल्या पाव सेकंदात रिमोटचा ताजा सिग्नल आला आहे, आर्म स्विच चालू आहे, टरेट परवानगीच्या कोनात आहे, आणि यंत्र सुरू झाल्यापासून आर्म स्विच एकदा तरी बंद स्थितीत दिसला आहे. शेवटची अट विसरली जाते. ती नसेल तर आर्म स्विच चालू राहिलेल्या अवस्थेत यंत्राला वीज दिली की ते थेट सज्ज होऊनच उठतं. वॉचडॉग टायमर, म्हणजे प्रोग्राम अडकला तर चिप पुन्हा सुरू करणारा टायमर, चालू ठेवा. आर्म असताना लुकलुकणारा लाल दिवा टरेटच्या माथ्यावर हवा, चारही बाजूंनी दिसणारा.

स्वयंचलित नेमाबद्दल मला नेहमी विचारतात. कॅमेऱ्याने हालचाल ओळखायची आणि टरेट आपोआप वळवून गोळी मारायची, हे तांत्रिकदृष्ट्या अवघड राहिलेलं नाही. तरीही करू नका. हालचाल ओळखणाऱ्या प्रोग्रामला समोरच्याने मास्क काढला आहे, कोणी पाय मुरगळून बसलं आहे, एखादं मूल जाळीखालून आत आलं आहे, हे कळत नाही. चाप माणसाच्या बोटानेच दाबला जावा.

८. कॅमेरा आणि नेम

कॅमेरा मार्करबरोबर वर-खाली होणाऱ्या भागावर, बॅरलच्या जितका जवळ जमेल तितका जवळ. समोर पातळ पॉलिकार्बोनेटची काच लावा, नाहीतर पहिल्या सामन्यातच भिंग रंगेल.

इथे चित्राच्या सुबकपणापेक्षा चित्र किती उशिरा येतं ते महत्त्वाचं. टरेट सेकंदाला ६० अंश फिरत असेल आणि चित्र पाव सेकंद उशिरा येत असेल, तर तुम्हाला लक्ष्य मध्यभागी दिसेपर्यंत टरेट १५ अंश पुढे गेलेलं असतं. १५ मीटरवर ते ४ मीटर होतात. ड्रोनवाले उडवताना थेट चित्र बघायला वापरतात तो ॲनालॉग एफपीव्ही कॅमेरा चित्र ओबडधोबड दाखवतो, पण लगेच दाखवतो. तोच घ्या. तुमच्याकडे त्याच्या ट्रान्समीटरला कोणती वारंवारता आणि किती शक्ती चालते तेही पाहून घ्या.

स्टिकने टरेटची जागा नाही, वेग ठरू द्या. स्टिक सोडली की टरेट तिथेच थांबतं आणि बारीक नेम धरता येतो. मध्याजवळ स्टिकची धार कमी करायची सोय रिमोटमध्ये असते, ती भरपूर वापरा.

नेम एकाच अंतरावर बसवा, १५ मीटरवर. सेकंदाला ८५ मीटर वेगाने सुटलेली गोळी तिथे पोहोचेपर्यंत साधारण २० सेमी खाली येते. कॅमेऱ्याच्या चित्रात दहा गोळ्यांच्या डागांचा मध्य कुठे येतो ते बघून तिथे खूण करा. पाच गोळ्या पुरत नाहीत, कारण पेंटबॉल मुळातच सरळ जात नाही. गोळी पूर्ण गोल नसते आणि ओलाव्याने फुगते. गोळ्या कोरड्या जागी, घरातल्या तापमानाला ठेवा आणि पिशवी उघडली की संपवा.

९. हवा

कार्बन डायऑक्साइड की दाबलेली हवा? रोबोटसाठी दाबलेली हवा. कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब तापमानावर नाचतो: शून्य अंशाला साधारण ३५ बार, २० अंशांना ५७, ३० अंशांना ७२. सकाळी मोजलेला वेग दुपारी उरत नाही आणि मर्यादेच्या वर जाऊ शकतो. शिवाय टरेट कललं की द्रव मार्करमध्ये शिरतो. दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर रेग्युलेटर असतो. आत २०७ बार, म्हणजे ३००० पीएसआय असले तरी बाहेर ठरावीक दाब मिळतो. ४८ घनइंचाचा असा सिलिंडर साडेचारशे ते पाचशे गोळ्यांना पुरतो, मार्कर कसा आहे त्यावर थोडं इकडे-तिकडे.

सिलिंडरवरची दाबचाचणीची तारीख वाचा. अनेक देशांत ही चाचणी दर पाच वर्षांनी लागते. मुदत गेलेला, खोल ओरखडा पडलेला, आगीजवळ राहिलेला सिलिंडर वापरायचा नाही. भरण्याच्या तोंडाशी तेल किंवा ग्रीस कधीच लावू नका: वेगाने दाबल्या जाणाऱ्या हवेत ते पेट घेऊ शकतं. रेग्युलेटर सिलिंडरपासून स्वतः उघडू नका. सिलिंडर दोन पट्ट्यांनी आवळा, खाली रबर, आणि तोंड माणसांच्या दिशेने नको.

मार्कर आणि सिलिंडर यांच्यामध्ये हाताने बंद होणारा व्हॉल्व्ह घाला आणि त्याची मूठ मागच्या बाजूला आणा, मशरूम बटणाच्या शेजारी.

१०. चाचणीचा क्रम

सगळं जोडल्यावर एक पायरी नीट झाली तरच पुढची.

- चाकं हवेत, मार्कर नाही. गाडी, टरेट, फेलसेफ, मशरूम बटण.
- मार्कर बसवला, हवा नाही, गोळ्या नाहीत. चापाच्या साखळीतली एकेक कडी बंद करून बघा. प्रत्येक कडीने एकटीने चाप थांबवला पाहिजे. सोलेनॉइडची टिकटिक ऐकू येते, त्यावरून कळतं.
- हवा जोडली, गोळ्या नाहीत. बॅरलवर टोपी, सगळ्यांना मास्क. गळती ऐका; सांध्यांवर साबणाचं पाणी लावा.
- गोळ्या घातल्या, गाडी उभी, समोर जाळी. क्रोनोग्राफवर वेग मोजा आणि मैदानाच्या मर्यादेच्या थोडा खाली ठेवा, काठावर नको.
- गाडी चालती, लक्ष्य पुठ्ठ्याचं.
- माणसं सगळ्यात शेवटी, आणि मैदानाच्या पंचाने होकार दिल्यावर.

पहिल्या सामन्यात दोन माणसं लागतात. एक चालवणारा, दुसरा फक्त यंत्राकडे आणि माणसांकडे लक्ष ठेवणारा. दुसऱ्याने "थांब" म्हटलं की पहिला कारण न विचारता आर्म स्विच बंद करतो.

११. खेळ संपल्यावर

आधी आर्म बंद, किल्ली बाहेर, बॅरलवर टोपी. मग हॉपर काढा, व्हॉल्व्ह बंद करा, बॅरल सुरक्षित दिशेला ठेवून मार्कर हातात घ्या आणि उरलेली हवा त्याच्या स्वतःच्या चापाने उडवून संपवा. आवाज येईनासा झाला की मगच सिलिंडर सोडवा. सगळे मास्क अजूनही तोंडावर.

फुटलेल्या गोळीचा रंग ओल्या फडक्याने त्याच दिवशी पुसा. वाळला की बेल्टच्या दातांत आणि बेअरिंगमध्ये चिकट थर बसतो. बॅरलमधून स्क्वीजी, म्हणजे बॅरल पुसायची दांडी, फिरवा. हॉपरच्या तळाशी कवचाचे तुकडे राहतात, ते काढा. मार्कर, सिलिंडर आणि गाडी तीन वेगळ्या पेट्यांत न्या. नोंदवहीत त्या दिवसाचा वेग, तापमान, सैल सापडलेला नट आणि किती गोळ्या गेल्या हे लिहून ठेवा. पुढच्या वेळी वेग अचानक १० फुटांनी बदलला तर ओ-रिंग तपासायची की रेग्युलेटर, हे त्या पानांवरून ठरवता येतं.